तळमजल्यावरील काचपट्टी फुटल्याबाबत

मी, वय ७१ वर्षे, धंदा: शाळेतून निवृत्त शिवणशिक्षिका, राहणार तळमजला, खोली क्रमांक २. इमारतीत मला शिवणबाई म्हणून ओळखतात. कोणी बोलावलेले नसताना स्वतः हजर राहून सांगते की,

सदर खोलीत मी एकटी राहते. मुलगा एक, परगावी असतो. तो शेवटचा कधी आला याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

इमारत जुनी असून माझ्या खोलीखालचा पाया एका कोपऱ्यात खचला होता. जमीन दोन बोटे खाली गेली होती, भिंतीला भेग पडली होती व दार लागत नव्हते. सोसायटीने नेमलेले मिस्त्री गेल्या महिन्यात दुरुस्तीस आले. त्यांनी जमिनीला भोके पाडून पंपाने पातळ सिमेंट खाली दाबले, तशी जमीन हळूहळू वर आली. काम अकरा दिवस चालले. पाण्याच्या लेव्हलनळीचे एक टोक ते मला धरायला देत. पाणी खुणेला लागले की मी "आलं" म्हणायचे. एकदाही माझे चुकले नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी भिंतीतल्या भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवली व म्हणाले, "बाई, ही तडकली तर जमीन अजून बसतेय असं समजा. लगेच बोलवा."

त्यानंतर मी त्यांना दोनदा बोलावले. एकदा दार घासते म्हणून, एकदा जमीन पोकळ वाजते म्हणून. दोन्ही वेळा त्यांनी लेव्हल लावली, ठोकून पाहिले व सगळे ठीक आहे म्हणाले. दुसऱ्या वेळी चहाला थांबले नाहीत. दुसरीकडे काम सुरू होते.

दिनांक १२ रोजी दुपारी चारच्या सुमारास मी कात्रीच्या मुठीने सदर काचपट्टी फोडली व मिस्त्रींना फोन केला. त्यांनी उचलला नाही, म्हणून पट्टी तडकल्याचे सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितले. ते मिस्त्रींना निरोप देतील असे वाटले होते. त्यांनी अर्ध्या तासात इमारत रिकामी करायला लावली. चौदा बिऱ्हाडे रस्त्यावर आली. तिसऱ्या मजल्यावरील आजारी गृहस्थांना खुर्चीसकट उतरवले. त्या दिवशी सगळे माझ्याशी बोलले.

निकृष्ट कामाच्या तक्रारीवरून मिस्त्रींना आज सकाळी इथे पोलीस चौकीत आणल्याचे कळले, म्हणून आले. त्यांच्या कामात दोष नाही. पट्टी का फोडली असे विचारल्यावरून सांगते की, ते यावेत म्हणून.

हे सांगितले तेव्हा मिस्त्री समोरच्या बाकावर होते. ते एवढेच म्हणाले, "म्हणजे जमीन हललेली नाही."

मी "नाही हलली" म्हटले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसले. माझ्याकडे पाहिले नाही.

हवालदारांनी हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच उतरला आहे. परत एकदा वाचायची मी विनंती केली. त्यांनी परत वाचला. दोन्ही वेळा बरोबर आहे.