हरणाऱ्याची टिप

मँचेस्टरच्या ट्राममध्ये माझ्या मागे दोन मुली बोलत होत्या.

"तू ज्यांच्याकडे राहतेस, तेच हरीशकाका? कसिनोत, तुझ्या पोकर टेबलवर?"

"हो. बाकी सगळं हरले आणि शेवटची चिप माझ्याकडे सरकवली."

"हरल्यावर पण टिप देतात?"

"नाही गं. डाव जिंकणारा देतो."

"मग परत करायचीस ना."

"डीलरला परत करता येत नाही. बॉक्समध्ये टाकायची, सगळ्या स्टाफमध्ये वाटतात."

"काही बोलले का?"

"हळूच मराठीत म्हणाले, नोकरी गेल्याचं काकूला सांगू नकोस, ती अजून रोज डबा भरून देते."

"अगं बाई. मग तू काय म्हणालीस?"

"टेबलवर इंग्लिशच बोलायचा रूल आहे. 'थँक यू, सर' म्हणाले आणि पुढचे पत्ते वाटले."