बॅटरी बाराची, कंप्युटर बाराचा

—नको, तो परत खोक्यात घाल. साडेचारशे वॅटचा सप्लाय, आणि माझ्या त्या जेवणाच्या डब्याएवढ्या कंप्युटरला? मीटर लावून मोजलंय मी, धनेश. कंप्युटर खातो दहा वॅट. दहा! आणि गेल्या खेपेला तू दिलेलं धूड नुसतं गरम व्हायलाच बारा खातं. जेवणारा एक, आणि वाढपीच जास्त जेवून उठतो — हां, मोठा दे म्हटलं मीच. ‘आसांदे मोठो, खंय तरी कामाक येतलो’ — म्हटलं. छत्रीसुद्धा आपण एक नंबर मोठीच घेतो. पण दुकानात तू बसतोस की मी? गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही तुला?

ऐक. बॅटरी बाराची, कंप्युटर बाराचा. मधे इन्व्हर्टर त्याचे दोनशे तीस करतो, मग तुझं धूड पुन्हा बारा करतं — कुडाळहून वालावलला जायला आधी मालवणला कशाला जायचं? बॅटरीवरून थेट चालणारा छोटा कन्व्हर्टर दे. चार्जिंगला बॅटरी चौदावर जाते, ठाऊक आहे, म्हणूनच कन्व्हर्टर मागतोय, नुसती वायर नाही.

हसू नकोस. त्या कंप्युटरला मागच्या दाराचा कॅमेरा जोडलाय. दार उघडलं की माझ्या उशाशी घंटा वाजते. तुझ्या काकीला आता माझं नाव आठवत नाही — मथुरा, मी कोण, विचारलं की नुसती बघते — पण खाडीपलीकडे माहेर आहे, ते बरोब्बर आठवतं. गेल्या महिन्यात वादळ येऊन गेलं, रात्री साडेअकराला लाईट गेली. पावणेदोनला कंप्युटर बंद. घंटा वाजलीच नाही. बाबली होडीवाल्याने खाडीतून काढली तिला. गळ्याएवढ्या पाण्यात होती रे. त्याला म्हणते, ‘माका पलीकडे सोड, आवस वाट बघता.’ आता कुठली आई! राग येणार नाही मला? तुझ्या त्या धुडामुळे —

काय? कर की हिशोब. चाळीस वर्षं गणित शिकवलं मी, तुलाही शिकवलं. बॅटरी जुनी, धर दोनशे वॅट-तास. दहा नि बारा बावीस हे, अकरा-बारा इन्व्हर्टर स्वतःसाठी घेतो. भाग दे. सहा तास. म्हणजे साडेअकरा ते — हो, साडेपाचपर्यंत चालायला हवा होता. तुझ्या धुडासकट. मग पावणेदोनला कसा — दुसरं काही लावलेलं नव्हतं. नव्हतं म्हणून सांगतोय ना.

उकडत होतं. वादळ गेलं आणि वारा मेला, पानसुद्धा हलत नव्हतं. पंखा लावला. तिच्यासाठी — नाही, तिच्यासाठी नाही. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, माका झोप इली रे. म्हटलं, तासभर. पंख्याचे पंचावन्न मिळव आता आणि पुन्हा भाग दे — सव्वादोन तास. मी दिलाय. रोज देतो.

बघतोस काय असा? कन्व्हर्टर काढ. पिशवी नको. बाबलीची बायको बसलीय तिच्यापाशी, तिला स्वतःचं घर आहे. आणि पुण्याहून श्रियाचा फोन येईल तुला. लेक आहे, आईसाठी वाटेल ते बोलेल. तिला मी तुझंच नाव सांगितलंय — धनेशचा सप्लाय कुचकामी होता म्हणून. ऐकून घे. उलट काही बोलू नको.

दे इकडे. मोजून बघायला नको, चालेल.