पायजाम्याचा पाय

बर्डीहून कोराडीला निघालेल्या बसमध्ये प्रेमलताबाईंनी विणकाम काढलं खरं, पण पुढच्या बाकावरचं नवरा-बायकोचं बोलणं कानी पडलं आणि सुया थांबल्या.

"मागच्याच महिन्यात पायजामा शिवला. आज पुन्हा कापड काहून घेतलं?"

"त्याचा एक पाय आपल्या कुंदानं कापला."

"अवो, काहून?"

"छतावर बांबूले बांधला. सोनेगावच्या विमानतळावर तसाच मोजा पाह्यला तिनं. वारा कुठून येऊन राह्यला ते त्याच्यात दिसते."

"वारा पाहून पोरगी काय करन?"

"विमान उतरवन म्हणते. वाऱ्याच्या समोर तोंड करूनच उतरवा लागते."

"अन् तुमी रागावले नाही तिले?"

"रागावलो ना! म्हटलं, खालचं तोंड काहून शिवलं? वारा जाईन कुठून?"

"घरी गेल्याबरोबर काढून फेकते मी थो बांबू!"

बस कोराडीजवळ आली. समोर वीजघराच्या चिमण्या दिसायला लागल्या.

"अवो, धूर सावनेरकडं चालला."

"हो."

"मंग आज विमान कुठून येईन?"

"सावनेरकडूनच. वाऱ्याच्या समोर तोंड नाही का!"

"हं... पायजाम्याचं पांढरं कापड विमानातून दिसन काय तिले? घरी माहा लाल परकर आहे, थो द्या तिले बांधाले."