हे बायकोला माहीत आहे?

...आणि वर विचारतात, दहा वर्षांत कुठं कुठं राहिलात, शेजारी कोण होतं! अहो, मला शेजाऱ्याच्या कुत्र्याचं नाव आठवतं, शेजाऱ्याचं नाही! तुम्हाला सांगतो, शंभराच्या वर पानं तो अर्ज... आणि कशासाठी? तर पाणबुडीत पाइप जोडायला! चौदा वर्षं याच गोदीत जोडतोय मी, पण ही नवी पाणबुडी गुप्त, आत पाय ठेवायचा तर सरकारची मंजुरी पाहिजे. नाही मिळाली तर? तर बसा घरी.

त्यात विचारलंय, कर्ज थकलंय का? थकलंय की! क्रेडिट कार्डावर मासे धरायची होडी घेतली, सहा हजार आठशे डॉलर, आणि सहा महिने हप्ता नाही. दारू पिऊन कधी अटक झाली होती का? झाली होती! एकोणिसाव्या वर्षी, बिअर ढोसून गवत कापायच्या गाडीवर बसलो आणि निघालो नॉरफोकच्या हमरस्त्यानं, आणखी बिअर आणायला. तुम्ही हसताय, तो पोलीसही हसत होता, पण बेड्या घातल्याच ना मेल्यानं! माझ्या बहिणीचा नवरा म्हणाला, वीस वर्षं झाली, कोण बघतंय, सोडून दे. आमचा मुकादम हॉइट मात्र म्हणाला, "वर्लिन, केलंस ते एकवेळ चालतं. लपवलंस तर गेलास."

म्हणून लिहिलं बाबा, सगळं लिहिलं. कर्जाचे हप्तेसुद्धा बांधून घेतले.

मग चौकशीला प्रुइटबाई आल्या. आधी आमच्या गल्लीत दारोदार फिरल्या, मग मला समोर बसवलं. मी घाम पुसतोय, बाई थंड. अटक जुनी, पुढं काही नाही, ठीक. हप्ते चालू, ठीक. मी म्हटलं, सुटलो! उठणार, तेवढ्यात बाई चष्म्यावरून बघत विचारतात, "हे तुमच्या बायकोला माहीत आहे?"

आता आली का पंचाईत! आमच्या डार्लिनचे वडील पाद्री, दारूचा वास खपत नाही. लग्नाआधी त्यांना शपथेवर सांगितलेलं, थेंबाला शिवलो नाही म्हणून. आणि होडी? घरी सांगितलेलं, ती चुलतभावाची! बाई म्हणाल्या, "मग उद्या कुणी आलं, म्हणालं पाणबुडीची माहिती दे, नाहीतर डार्लिनला सांगतो... काय कराल?" अहो, खोटं कशाला बोलू? मी विचारात पडलो! आणि तेही बाईंनी लिहून घेतलं!

लपवलंस तर गेलास... घरी आलो, जेवताना सांगून टाकलं. गवत कापायची गाडी, बेड्या, सगळं. डार्लिन म्हणाली, "अजून?" होडी सांगितली. "अजून?" आता एकदा तोंड सुटलं की आवरतंय कुठं? तिच्या आईच्या भेंडीच्या रस्स्याला अठरा वर्षं छान-छान म्हणत आलो, तेही ओकून मोकळा! "अजून?" नाही गं बाई, संपलो मी!

तिनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "होडी विक. आणि भेंडीचं आईला तूच सांगायचं."

विकली. सांगितलं. कर्ज फिटलं, मंजुरीचं पत्र आलं, गाढ झोप लागायला लागली हो मला! लपवलंस तर गेलास, खरंय हॉइटचं... फक्त तुम्हाला सांगतो, देशाची गुपितं सांभाळायला लायक म्हणून सरकारनं शिक्का मारला, तेव्हा घरात माझं स्वतःचं म्हणून एकही उरलं नव्हतं.