न्हाणीघराची भिंत

दवाखान्याच्या रांगेत माझ्यापुढे शिंपीणकाकू होत्या आणि त्यांच्यापुढे गवंड्याची बायको, हाताला फडकं गुंडाळलेली.

“अगं, बोटं पार ठेचलीस की!”

“वीट पडली, काकू.”

“त्या शहरवाल्याच्या बंगल्यावर? अजून तिथेच राहता?”

“काम चालू आहे तोवर गवंड्यानं तिथेच राहायचं, ही रीतच आहे. न्हाणीघराची एक भिंत राहिलीय.”

“मागल्या महिन्यातही तीच राहिली होती!”

“ती झाली की मालक किल्ली घेणार. मग जायचं कुठे? लेक बाळंतपणाला आलीय. आणि गावात भाड्याची एक खोली उरली नाही, सगळी घरं सुट्टीवाल्यांनी घेतली.”

“म्हणून बांधलेली भिंत पाडता?”

“हळू बोला. ओली असते तेव्हा ढकलायला जोर लागत नाही.”

“अगं बाई! नवरा कसा तयार झाला? त्याच्या भिंतीत सुई शिरायची नाही, असला माणूस!”

“त्यांना कुठे माहितीय? त्यांना वाटतं, आपला हातच गेला. काल ओळंबा फेकून दिला आणि लहान मुलासारखे रडले.”

“आणि तू?”

“ओळंबा पुसून परत हातात दिला. म्हटलं, उद्या नीट बांधा.”