माक्याचं तेल

केसांचा विषय निघालाय, तर माझंच सांगते. आई गेली त्या वर्षी मी नववीत होते. दोनच महिन्यांत माझ्या डोक्यात रुपयाएवढी चाई पडली, तिथले केस पार गेले. वर्गातल्या मुली ती जागा बघायला मुद्दाम माझ्या मागे बसायच्या. मी शाळेत जाणंच सोडलं.

बाबा धानाच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, माका उपटून आणायचे, पाट्यावर वाटून तिळाच्या तेलात कढवायचे आणि रोज सकाळी माझ्या डोक्याला चोळायचे. आई गेल्यापासून ते कोणाशी बोलत नव्हते. तेल लावताना मात्र बोलायचे.

"दुखते का?"

"नाही."

"शाळेत काहून नाही जात?"

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "डोक्याले ओढणी बांध. मी येतो संग." आणि महिनाभर ते शाळेच्या फाटकापर्यंत आले.

चार महिन्यांनी तिथे बारीक लव दिसली. खात्री करायला बाबा मला भंडाऱ्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "अशी चाई पुष्कळदा आपोआपच भरते. तेलाची काही गरज नव्हती."

कारध्याच्या पुलावरून परतताना मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या मनाला लागलं असणार, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तेलाची वाटी घेऊन ओट्यावर बसलेलेच.

मी म्हटलं, "बाबा, डॉक्टर तर तेलाची गरज नाही म्हणले नं?"

"तेलाची नाही म्हणले," बाबा म्हणाले. "बसाची थोडीच नाही म्हणले. ये, बस."