बाटली उभी, बाटली आडवी

अकोले गावाहून नगरला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर एक आजी, गणवेशातली नात आणि दोघींच्या मधे काचेची बाटली बसली होती. बाटलीत ओल्या कापसावर मोड आलेला वाल होता. तिकीट दोघींचंच काढलं होतं.

“आजी, मूळ बघ! बाटली आडवी केली की मूळ एकदाच खाली वळतं. हे तर जिन्यासारखं झालंय!”

“उजेडात तसं दिसत आसंल.”

“तू बाटलीला हात लावला हुता?”

“न्हाई बाई. उभी केली फकस्त.”

“कधी?”

“रोज, तू साळंत गेली की. घटावानी उगवलेलं, आन् आडवं पडलेलं! नवरात्रात घट कलंडला तर घराला बरं आसतं का गं, संस्कृती? तू यायच्या आत परत आडवी करीत हुते की.”

“झालं! आता विज्ञान प्रदर्शनात पाहुणे विचारतील, मूळ असं का? मी काय सांगू?”

“आजीनं केलं म्हनून सांग.”

“मुळाला खाली कुठंय ते कळतं, हे दाखवायचंय मला!... थांब. तू उभी केली तवा बी खालीच गेलंय. मी आडवी केली तवा बी खालीच.”

“म्हंजी मी बरं केलं का वाईट?”

“पाहुण्यांना पटलं तर बरं.”

“आन् न्हाई पटलं तर?”

“आजी, वळण आलं! बाटली धर!”

“धरली! पर आदी सांग, उभी धरू का आडवी?”